तळमजला

लिफ्ट कधी कधी मजला विसरते.
वीज जाते, येते, आणि डब्याला कळत नाही
आपण नवव्यावर आहोत की एकोणिसाव्यावर.
घोडबंदर रोडच्या टॉवरांत बावीस वर्षं हेच करतोय,
म्हणून सांगतो, घाबरायचं नसतं.
कार्डावर एक आकडा लुकलुकतो, तो वहीत बघायचा.
प्रत्येक आकड्यासमोर एक कारण.

जुईलीला आकडा नव्हता.

वर्तकनगरच्या हॉलमध्ये, मार्चमधल्या एका मंगळवारी,
टेबलावर हात टेकून ती वर गेली
आणि दोन पिळांची उडी एकावरच सोडून
मानेवर आली. मॅट जाड होती.
उठून बसली, पत्र्याकडे बघत राहिली.
म्हणाली, "बाबा, जमीन होती तिथे पंखा होता."

कानाच्या डॉक्टरांनी खुर्चीत बसवून फिरवलं,
डोळ्यांत उजेड मारला. कान ठणठणीत. सातशे रुपये.
हिच्या आईने मीठमोहरी ओवाळली;
मिरच्या जळल्या, ठसका आला नाही, म्हणजे दृष्टच.
कारखानीस बाई म्हणाल्या, वर्षात साडेतीन इंच वाढलीये,
अंगाचा जुना हिशेब नव्या हाडांना पुरत नाही.
फिजिओ म्हणाला, झोप.
शेजारचे म्हणाले, दहावी.
आणि आफरीन, जी जानेवारीत बारवरून पडली,
मनगटात प्लेट घातलेली आफरीन,
काहीच म्हणाली नाही. एका हाताने केळं सोलत राहिली.

मी माझं कारण कुणाला सांगितलं नाही.

आदल्या रविवारी, माजिवड्याच्या सिग्नलला,
स्कूटरवर मी सहज विचारलं होतं,
"वर असताना तुला कसं कळतं गं, किती फिरून झालं?"
सिग्नल एकशेदहा सेकंदांचा.
ती हेल्मेटच्या आत गप्प.
मग म्हणाली, "कळतं. म्हणजे... थांब हं."
आणि आयुष्यात पहिल्यांदा
मोजायला लागली असणार.

मजला विसरलेली लिफ्ट आम्ही वर नेत नाही.
लोक कितीही वाट बघोत, सेक्रेटरी कितीही ओरडो,
तिला हळू चालीने खाली उतरवतो, अगदी खाली.
तिथे एक खटका असतो. तो दाबला जातो, टक्,
आणि तिला कळतं, हा शून्य.
मग एकेक मजला पुन्हा ओळखत वर.

बाईंना मी हे बोललो नव्हतो. त्यांनी तेच केलं.
दोन पीळ बंद. एक बंद. अर्धासुद्धा बंद.
सहा वर्षांच्या पोरींच्या रांगेत, कोलांटीला,
ताडासारखी उभी केली जुईली.
तीन आठवडे तिने बाईंशी बोलणं टाकलं.
मे गेला. राज्य निवड गेली; तिचं पत्र
अजून फ्रिजवर आहे, वीजबिलाखाली.
मग ट्रॅम्पोलिनवर नुसतं उभं वर, उभं खाली,
बाई बाजूने ओरडायच्या, "खिडकी!"
आणि हिने वरूनच खिडकीकडे बोट करायचं.
कधी भलत्याच भिंतीला करायची.
एकदा तासभर बाथरूममधून बाहेर आली नाही.
मी बाहेर तिची बॅग धरून,
आत नळ चालू.

काल फोमच्या खड्ड्यात अर्धा पीळ.
नुसता अर्धा. वर गेली, वळली,
ठोकळ्यांत बुडाली, बऱ्याच वेळाने एक हात दिसला.
केसांत निळे कण घेऊन समोर येऊन उभी राहिली,
मी काहीतरी विचारीन म्हणून.

पॅनल उघडताना आम्ही स्क्रू दातांत धरतो,
दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून.
तोंड उघडलं की तो थेट शाफ्टमध्ये.

मी पाण्याची बाटली पुढे केली.